डावा बर्नर

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार पोचला असं समज. पाठ धरलीय, त्यामुळे वाकून करायचा राहिला. फोनवर बोलावं तर तुझ्या शेजारच्या खोलीत अण्णा, आणि त्यांचे कान अजून आपल्या दोघांपेक्षा तिखट. म्हणून तू म्हणालीस तसं दवाखान्याच्या पत्त्यावर लिहितोय. तुझ्या नोंदणीच्या खिडकीवर हे पाकीट पेशंटच्या कागदात घालू नकोस म्हणजे झालं.

काल अण्णांच्या घराची मागची खोली उघडली. कुलपात तेल ओतलं, हातोडी मारली, विनवण्या केल्या, शेवटी ग्राइंडरने कापलं. आत निम्मा संसार आहे. तुझी सायकल, माझी फुटकी पेटी, आईचं शिवणयंत्र आणि अण्णांची व्हॉल्व्ह फिरवायची ती लांब दांड्याची चावी. चौतीस वर्षं त्या चावीनं त्यांनी अर्ध्या गावाचं पाणी सोडलं आणि बंद केलं. ती मी बाजूला ठेवलीय.

आणि ताडपत्रीखाली तो गॅस ग्रिल. सहा वर्षांपूर्वी आपण ढकलला होता तसाच. तू म्हणालीस भंगारात घाल. मीही त्याच तयारीने गेलो होतो. पण ताई, झाकण आणि खालची पेटी ओतीव लोखंडाची आहे, नुसती वर वर गंजलीय. खालची चौकट मात्र पार गेली. मागचे दोन पाय हाताने दाबले तर पापुद्रे सुटतात, एक चाक जाम आहे, रबरी नळीला भेगा आहेत. जाळ्या आणि बर्नर नवे मिळतात. चौकट मी माझ्याच दुकानात नवीन अँगल घालून जोडीन. गेट आणि खिडक्या जोडण्यात उभा जन्म गेला, असलं लोखंड भंगारवाल्याला दिलं तर हात मला शिव्या देतील.

दाजींना गच्चीवर हवंच होतं ना असलं काहीतरी? चार आठवडे दे. मनात त्या दिवसाचं काही असेल तर सरळ नाही म्हण, मी राग धरणार नाही. आतलं अजून उघडलेलं नाही. आधी चौकट बघतो.

तुझा
खिळ्या

११ फेब्रुवारी

खिळ्या,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय. दाजींना सांगितलं तर त्यांनी लगेच गच्चीची मापं घ्यायला टेप शोधला. त्यामुळे आता मी नाही म्हणून काही उपयोग नाही. कर दुरुस्त.

मला तो परत डोळ्यांसमोर बघवेल का, ते माहीत नाही. अण्णांचा पासष्टावा वाढदिवस, "सगळ्यांना मीच करून घालणार" म्हणत सकाळपासून त्यांची लगबग. भिंगरी पोटात होती आणि मी पाच पावलांवर खुर्चीत बसले होते. ग्रिलमधून तो आगीचा भपका आला आणि अण्णा दोन्ही हात पुढे धरून उभेच राहिले, मागे सरायचंही त्यांना सुचलं नाही. त्या वासाने मला पुढे महिनाभर जेवण गेलं नाही. तेव्हा मी मनाशी ठरवलं की या माणसाला पुन्हा विस्तवापाशी एकटं सोडायचं नाही, आणि आजवर सोडलेलं नाही.

अण्णा बरे आहेत. पेपर वाचतात, दुपारी पडतात, त्रास काही नाही. मी ड्युटीला निघताना शेगडीची चारही बटणं उपसून पर्समध्ये टाकते. कधी रुमाल काढताना एखादं बटण खिडकीतून पेशंटच्या पुढ्यात पडतं आणि आमच्याकडच्या सगळ्या जणी हसतात. मीही हसते. काय करणार?

घराचं गिऱ्हाईक पक्कं झालंय. २८ मार्चला सह्या. मला वाटलं होतं अण्णा त्या घरासाठी भांडतील, निदान दोन दिवस अबोला धरतील. पण ते म्हणाले, "कुठे सही करायची तिथे बोट ठेव. एकट्याने राहायची माझी लायकी उरली नाही." मला भरून आलं, पण खोटं काय आहे त्यात? त्या दिवशी तू ग्रिलपाशी होतास हे एक बरं झालं. दिवसभर गॅसने कापाकापी करणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर अण्णांनी आपली चूक मान्य तरी केली. माझं ऐकलं नसतं.

मागची खोली महिनाअखेर रिकामी कर. शिवणयंत्र मला हवंय.

ताई

२३ फेब्रुवारी

ताई,

दोन ओळीच लिहितो, दुकानात काम पडलंय.

चौकट झाली. मागचे दोन्ही पाय कापून नवे जोडले, आडवा अँगल बदलला, गंज तारेच्या ब्रशने काढून रेड ऑक्साइडचा हात मारला. नळी, रेग्युलेटर, जाळ्या आणि दोन बर्नर आले. जुने बर्नर गंजून गेले होते, ते भंगारात दिले. त्यांच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

एक विचारायचं होतं. त्या दिवशी भपका आल्यावर अण्णा नेमकं काय म्हणाले, तुला आठवतं का? शब्द काय होते ते हवेत. मला अर्धवट आठवतंय.

आणि सह्यांची एवढी घाई कशाला? गिऱ्हाइकाला म्हणावं थांब महिनाभर. घर काही पळून जात नाही.

खिळ्या

२७ फेब्रुवारी

खिळ्या,

तुझ्या दोन ओळी वाचून माझं डोकं फिरलं. एवढ्या वर्षांत एकदाही अण्णांच्या घराकडे फिरकला नाहीस. मी म्हणायचे, जाऊ दे, त्याला तिथे पाऊल टाकवत नसेल, हळवा आहे. आता मागच्या खोलीत चार दिवस काढलेस आणि एकदम थांबा म्हणतोस? स्पष्ट विचारते, घरावर तुझा डोळा आहे का? असेल तर समोर येऊन बोल. ग्रिलचं निमित्त करून घरात ठाण मांडायची गरज नाही. दाजींनाही तसंच वाटतंय. खरं तर त्यांना तसं काही वाटत नाही, ते टेप घेऊन गच्चीवरच असतात. पण मला वाटतंय.

अण्णांचे शब्द विचारलेस. विसरणार कशी? ते म्हणाले, "डावं बटण मी आत्ता उघडलं. आत्ता." आणि तू सिलिंडर बंद करून धापा टाकत आलास आणि म्हणालास, "आधीपासून उघडं राहिलं असणार अण्णा, गॅस आत साठला." ते परत म्हणाले, "आत्ता उघडलं रे." मग मी ओरडले की आधी दवाखान्यात चला. एवढंच.

आता हे उकरून काय मिळणार आहे? तुला एक सांगते, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस. परवा मी लवकर घरी आले. अण्णा स्वयंपाकघरात शेगडीपुढे उभे होते. बटणं माझ्या पर्समध्ये. तरी जिथे बटणं असतात त्या चारही जागांवर एकेक बोट ठेवून ते म्हणत होते, "बंद, बंद, बंद, बंद." मी आल्याचं कळलं तेव्हा पाणी प्यायला आलो म्हणाले. हातात भांडं नव्हतं. अशा माणसाला मी त्या घरात एकटं ठेवू?

सह्या २८ लाच होतील.

ताई

९ मार्च

ताई,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो, मध्येच थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

घरावर माझा डोळा नाही. असता तर बरं झालं असतं, निदान सांगायला सोपं गेलं असतं.

अण्णांचं काही चुकलं नव्हतं. ग्रिल मी बिघडवला होता.

तुला आठवत असेल, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी अण्णांनी मला बोलावून घेतलं होतं, की सगळं एकदा बघून जा. मी गेलो. मागचा अँगल तेव्हाच गंजून खाली बसला होता, त्यामुळे डावा बर्नर जागेवर टेकत नव्हता. बर्नरची एक नळी असते, तिचं तोंड पुढे बटणामागच्या जेटवर चढलं पाहिजे, म्हणजे जेटमधून सुटलेला गॅस नळीतून बर्नरमध्ये जातो. एवढंच काम आहे, शिकाऊ माणूसही करतो. त्या दिवशी मला एका गिऱ्हाइकाचं गेट उभं करायला जायचं होतं. मी बर्नरची शेपटी, म्हणजे मागचं टोक, बांधायच्या तारेने आवळली, उजवा पेटवून बघितला आणि अण्णांना सांगितलं, "एकदम ओके." डावा पेटवून बघितला नाही.

चौकट झाल्यावर ती पेटी उघडली. तार तशीच होती, माझ्या पकडीचे पीळ मी कुठेही ओळखीन. आणि डाव्या नळीचं तोंड जेटच्या दोन बोटं मागे. तू म्हणशील ढकलताना निसटलं असेल. मीही तेच म्हणालो, तिथे फरशीवर बसून मोठ्याने म्हणालो. मग भिंग घेऊन बघितलं. नळी जेटवर चढली की घासून पितळेवर एक रेघ पडते. उजव्यावर आहे. डाव्यावर नाही. ती नळी तिथे कधी चढलीच नव्हती, ताई. अण्णांनी उजवा पेटवला, मग डावं बटण उघडलं, आणि सगळा गॅस नळीत न जाता खाली पेटीत सुटला. त्याला उजव्याची ज्योत लागली आणि भपका बटणांच्या बाजूने त्यांच्या हातावर आला. "आत्ता उघडलं" म्हणत होते ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

एवढंच असतं तर मी तोंड वर करून सांगितलं असतं. चूक होते. पुढचं सांगायला लाज वाटते.

त्या दिवशी "आधीपासून उघडं राहिलं असणार" म्हणालो ते मला खरंच वाटलं म्हणून. पण तिसऱ्या दिवशी दुकानात एक बर्नर जोडताना हात थांबला. डावी नळी चढवल्याचं मला आठवेना. सायकलवर टांग मारून पंधरा मिनिटांत जाऊन बघता आलं असतं. गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही गेलो नाही. मग तू अण्णांना तुझ्याकडे नेलंस, घराला कुलूप लागलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तू मला हळवा म्हणायचीस. मी हळवा नव्हतो, मी त्या खोलीला घाबरून होतो.

आणि मागच्या पत्रात पुन्हा खोटं लिहिलं. बर्नर गंजले नव्हते. मी ते पुरावा नको म्हणून भंगारात दिले. तुझं ते बंद-बंद-बंद-बंद वाचलं आणि तसाच भंगारवाल्याकडे गेलो. त्याच्या ढिगात अर्धा दिवस हात घालून डावा शोधून आणला. तो माझ्यासमोर आहे. हवा तर पाठवतो.

मला शिव्या दे. पण सह्या थांबव.

खिळ्या

१३ मार्च

खिळ्या,

तुझं पत्र मी खिडकी उघडायच्या आधी वाचलं, ही चूक झाली. पहिल्या पेशंटला मी वय विचारलं आणि त्यानं सांगितल्यावर पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने मलाच विचारलं, बाई, बरं वाटत नाही का? मी उठून औषधांच्या खोलीत जाऊन खोक्यांच्या मागे रडले.

तुला शिव्या द्यायला बसले होते. नालायक, भेकड, इथपर्यंत मनात जमवलं. मग लिहायला घेतलं तर सगळ्या माझ्याच अंगावर यायला लागल्या. तू एकदा गेला नाहीस. मी रोज सकाळी त्या माणसासमोर बटणं उपसत होते. तो बघत असायचा. पेपर पुढे धरून बसायचा पण बघत असायचा, हे मला ठाऊक होतं. पाहुण्यांसमोर मी त्याची गंमत करून सांगायचे, आमच्या अण्णांना विस्तवबंदी आहे म्हणून. आणि सगळे हसले की तेही हसायचे. ते दोनदा म्हणाले होते ना? दोनदा. मी एकदाही विचारलं नाही की अण्णा, नीट सांगा, काय झालं होतं.

काल ड्युटीला निघताना बटणं तशीच ठेवली. चपला घालत होते, तर अण्णा आतून म्हणाले, "अगं, आज बटणं काढायची विसरलीस." म्हटलं, "विसरले नाही." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. संध्याकाळी मी आले तर ते खोलीतच बसून होते. दिवसभर स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं, पाणीसुद्धा बाथरूमच्या नळाचं प्यायले. मला तिथेच सगळं सांगून टाकावंसं वाटलं. नाही सांगितलं.

कारण हे तुझं काम आहे. मी सांगितलं तर ते म्हणतील पोरगी समजूत काढतेय. तू लिही. त्यांच्या नावाने, घरच्या पत्त्यावर, सगळं, रेघेसकट. आणि तिसऱ्या दिवसाचं गाळू नकोस. माझं मी माझ्या तोंडाने सांगेन.

गिऱ्हाइकाला कळवलंय, अण्णांशी बोलल्याशिवाय तारीख नाही.

मी अजून रागावलेली आहे. बर्नर पाठवू नकोस. मला बघायचा नाही.

ताई

२१ मार्च

खिळ्या,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तीनदा वाचलं. ताईने तिचंही सांगितलं. ती रडली, मी तिला पाणी दिलं.

मुद्द्याचं लिहितो. हात भाजले आणि बरे झाले, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. नळी बसवायची राहिली, असं होतं. नोकरीत माझ्याही हातून एकदा व्हॉल्व्ह उलटा फिरला आणि खालच्या गल्लीत लोकांच्या घरात घोटाभर पाणी शिरलं. पण मी तसाच ओल्या पायांनी साहेबाकडे गेलो आणि सांगितलं, की मी केलं. त्या गल्लीतली माणसं नंतर माझ्याशी बोलत होती.

तुझ्या पत्रामुळे मला एक गोष्ट उलगडली. मी आत्ता उघडलं, असं दोनदा म्हणालो होतो. तिसऱ्यांदा म्हणणार होतो. पुढे हाताला पट्ट्या असताना तू रोज दवाखान्यात यायचास आणि माझ्याकडे बघायचा नाहीस, भिंतीकडे बघून बोलायचास. मला वाटलं, पोरगा बापाची लाज झाकतोय. म्हणून मी गप्प बसलो, तुला अवघड नको म्हणून. नंतर नंतर मलाही वाटायला लागलं, राहिलं असेल उघडं. रोज सकाळी उठल्यावर मी स्वतःशी आदल्या दिवशी काय जेवलो ते म्हणून बघायचो. एखादी भाजी आठवली नाही की दिवसभर भीती.

तू विचारलंस, कसं भरून देऊ. भरून देता येईल असं नाही, पण विचारलंस म्हणून सांगून ठेवतो. भिंगरी झाली तेव्हा ताईने तिला माझ्या मांडीवर द्यायला आणली. मी हात मागे घेतले. हात दुखतात म्हणालो. हात तेव्हा बरे झाले होते. मला वाटलं, ज्याला बटण आठवत नाही त्याच्या हातात पोर काय द्यायची. मी तिला कधीच उचललं नाही. ती रांगत आली की मी पेपर घ्यायचो. जावईबापूंना वाटतं मला लहान मुलांचा कंटाळा आहे. आता ती उचलण्याएवढी राहिली नाही.

माफी मागितलीस. दिली म्हटलं तर तू आजच हलका होशील. म्हणून थोडं थांब. द्यायची नाही असं नाही.

घर विकायचं नाही. एक तारखेला मी राहायला येतो. आधी पाण्याची टाकी धुऊन घे आणि पुढच्या दाराची बिजागरी बघ. ग्रिल जावईबापूंना द्यायचा ठरला आहे तो त्यांनाच द्यायचा, पण जाण्याआधी माझ्यासमोर पेटला पाहिजे. मागचा अँगल पूर्ण बदललास की नुसती पट्टी मारलीस ते कळव. नळीला आणि सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून फुगे बघ. बर्नर बसवू नकोस. दोन्ही मी बसवीन. तू शेजारी उभा राहा आणि बघ.

आज सकाळी भिंगरीला शाळेत सोडायला मी जातो म्हणालो. ताईच्या तोंडून पटकन हो निघेना, मग निघालं. पोरीने घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत माझं बोट सोडलं नाही आणि वाटेत सगळ्या कुत्र्यांची नावं सांगितली. ताई आमच्या मागून येत होती, वीस-पंचवीस पावलांवरून. कोपऱ्यावर औषधाच्या दुकानाच्या काचेत मला ती दिसली. येताना ती दुसऱ्या रस्त्याने पळत घरी गेली आणि मी पोचलो तेव्हा दाराशी धापा टाकत म्हणाली, आलात का? मी म्हणालो, आलो.

अण्णा